शहाडवरून जाणारा महामार्ग आणि तो सांभाळणारे खाते

कल्याणहून मुरबाडकडे निघालेला रस्ता शहाडच्या उड्डाणपुलावरून मध्य रेल्वेचा कसारा मार्ग ओलांडतो, म्हारळ, वरप, कांबा ही गावे मागे टाकतो आणि रायत्याला उल्हास नदीवर येतो. पुढे गोवेली, मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी करत तो माळशेज घाटाने सह्याद्री चढतो. घाटमाथ्यावर ओतूर, आळेफाटा, अहिल्यानगर, पाथर्डी, माजलगाव, परभणी, नांदेड, भोकर असा त्याचा प्रवास चालतो आणि तो तेलंगणातील निर्मलला पोचतो. २०१० पर्यंत हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २२२ होता. नव्या क्रमवारीत तो ६१ झाला. घाटावरचे लोक त्याला आजही कल्याण-विशाखापट्टणम महामार्ग म्हणतात. जुन्या २२२ ची लांबी सुमारे ६१० किलोमीटर धरली जाई आणि त्यांतले सुमारे ५५० किलोमीटर महाराष्ट्रात होते. रस्त्याची मालकी केंद्र सरकारची आहे. शहाड-मुरबाड पट्ट्यात त्यावर प्रत्यक्ष राबणारे खाते मात्र राज्याचे आहे, ते म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग. या खात्याचा इतिहास बहुधा उद्घाटनांच्या क्रमाने सांगितला जातो. तो देखभालीच्या अंगाने सांगणे अधिक न्याय्य आहे. रस्ता बांधायला दोन-चार वर्षे पुरतात, सांभाळावा मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या लागतो.

कल्याण बंदरातून घाटावर जाणारी वाट दोन हजार वर्षांहून जुनी आहे. वैशाखऱ्यापासून वर चढणारा नाणेघाट हा तिचा मुख्य दरवाजा होता. सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख तेथील लेण्यात आहे. घाटाच्या तोंडाशी असलेल्या दगडी रांजणात जकात टाकली जाई, असे परंपरा सांगते. कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि विसाव्याची लेणी पाहिली की या वाटेवर कोणीतरी सातत्याने खर्च करत होते, हे उघड होते. पण नाणेघाट बैलांच्या तांड्यांचा आणि पायी चालणाऱ्यांचा होता. चाकाची गाडी तिथून उतरणे शक्य नव्हते.

चाकाची गाडी घाट चढू लागली ती भोरघाटात. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८३० साली तो रस्ता गाड्यांसाठी खुला केला. त्या काळी रस्ते, पूल, बराकी ही सारी कामे लष्करी मंडळाकडे असत आणि लष्कराची निकड संपली की रस्त्याकडे पाहणारे कोणी उरत नसे. १८५४ च्या सुमारास लॉर्ड डलहौसीने ही व्यवस्था मोडून नागरी बांधकामांसाठी स्वतंत्र खाते उभारले. १८५४ मध्येच पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. बांधकामांवर देखरेख करणारे दुय्यम अधिकारी तयार करणे हा त्याचा हेतू होता आणि पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच वर्गातून वाढले. तिथे शिकलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या याच खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले होते.

खाते उभे राहत असतानाच आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ ला मुंबई-ठाणे गाडी धावली, पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात रूळ कल्याणला पोचले, १८५५ मध्ये शहाडच्या शिवारातून वासिंदपर्यंत गेले आणि १८६५ मध्ये थळघाट चढून नाशिककडे वळले. लांब पल्ल्याचा माल रुळांवर गेला, तसे कल्याण-मुरबाडसारख्या रस्त्यांचे काम बदलले. मुरबाडच्या बाजूचे भात आणि लाकूड कल्याण स्टेशनापर्यंत आणायचे, एवढेच त्यांच्याकडे उरले. पुरवठ्याच्या अशा रस्त्यांसाठी सरकारी तिजोरीतून मोठी रक्कम मिळत नसे. जमीन महसुलावरच्या रुपयामागे एक आण्याच्या उपकरातून स्थानिक निधी उभा राहिला. १८८४ नंतर जिल्हा लोकल बोर्डे त्याचा कारभार पाहू लागली. महत्त्वाचे रस्ते खात्याकडे आणि बाकीचे बोर्डाकडे ही वाटणी तेव्हाची आहे. तिच्या खुणा आजच्या कारभारातही दिसतात.

त्या काळच्या रस्त्याची रचना समजून घेतली की त्याच्या देखभालीची पद्धत आपोआप कळते. स्कॉटलंडच्या मॅकॅडमने रूढ केलेल्या पद्धतीने फोडलेली खडी थरावर थर अंथरायची, वर मुरूम पसरायचा, पाणी मारायचे आणि रोलरने दाबायचे. सह्याद्रीचा काळा पाषाण खडीला उत्तम, त्यामुळे माल जवळच मिळे. बैलगाडीच्या लोखंडी धावेखाली खडीचा चुरा होई आणि तोच चुरा पावसाच्या पाण्याने घट्ट बसून पृष्ठभाग बांधून ठेवी. पण हा रस्ता सतत लक्ष मागे. एक चाकोरी खोल गेली की तिच्यात पाणी साचे, आणि पाणी साचले की पुढच्या गाडीला खड्डा तयार. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात पियेर त्रेझागे या अभियंत्याने हे ओळखले होते. मोठ्या दुरुस्तीची वाट न पाहता प्रत्येक तुकड्यावर कायमचा माणूस नेमावा, हा त्याचा आग्रह होता आणि तिकडच्या रस्त्यांवर तशी माणसे नेमली गेली.

मुंबई इलाख्यात हे काम मैलकुलीने केले. खात्याच्या कागदांत पुढे तो मैलमजूर झाला, लोकांच्या तोंडी मैलकुलीच राहिला. ठरावीक मैलांची जबाबदारी एका टोळीकडे असे. टोळीवर मुकादम, मुकादमावर मिस्त्री, आणि हजेरीपटावर सही करणारा ओव्हरसियर. पावसाळ्याआधी मोऱ्यांतला गाळ काढणे, गटारांना उतार देणे, साइडपट्टीचे गवत छिलणे, भर पावसात कुदळ-घमेले घेऊन साचलेल्या पाण्याला वाट करून देणे, पाऊस ओसरल्यावर चाकोऱ्या भरणे, उन्हाळ्यात वड, चिंच, आंबा, कडुनिंबाच्या रोपांना पाणी घालणे, हे त्याचे वर्ष. रस्त्याकडेला ब्रासच्या मापाने रचलेले खडीचे ढीग हे त्याचे कोठार. झाडांच्या चिंचा-आंब्यांचा लिलाव खाते करी आणि त्याचा हिशेब ठेवी. मैलकुलीला आपल्या तुकड्यातली प्रत्येक मोरी ठाऊक असे, कोणत्या वळणावर पाणी चढते तेही ठाऊक असे. हे ज्ञान कुठल्याही नोंदवहीत पूर्णपणे उतरले नाही. खात्याच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी लिहिला गेलेला भाग हाच आहे.

मोटारीने हे गणित मोडले. रबरी टायर खडी दाबत नाही. वेगाने जाताना तो बारीक चुरा उपसून हवेत उडवतो आणि बांधणारा चुराच गेला की खडी सुटी होते. १९२० नंतर देशभर रस्ते उखडू लागले, तेव्हा केंद्र सरकारने १९२७ मध्ये एक समिती नेमली. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर तिचे अध्यक्ष होते. पुढे ते पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्त्यांचा वाढता बोजा प्रांतांना आणि स्थानिक संस्थांना पेलवण्यासारखा नाही, तो राष्ट्राचा प्रश्न आहे, असे समितीने १९२८ च्या अहवालात मांडले. पेट्रोलवर गॅलनमागे २ आण्यांचा जादा कर घ्यावा आणि तो रस्त्यांवरच खर्च व्हावा, ही तिची शिफारस होती. १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. डांबराची जाडी, पुलाची भारक्षमता, खड्डा भरण्याची रीत यांबाबत तिची मानके आजही देशभर प्रमाण मानली जातात. रस्ता वापरणाऱ्याने त्याच्या देखभालीसाठी पैसा द्यावा, हे सूत्र आधुनिक भारतात जयकर समितीनेच रुजवले आणि त्याचे श्रेय या मराठी विधिज्ञाला पुरेसे दिले गेलेले नाही.

डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपूरला जमले. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही वर्गवारी या बैठकीत ठरली. विकसित शेतीप्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांहून लांब असू नये, हे उद्दिष्टही तिथेच ठरले. स्वातंत्र्याच्या वेळी देशात राष्ट्रीय महामार्ग सुमारे २१ हजार किलोमीटर होते. मुंबईहून आग्ऱ्याकडे जाणारा रस्ता त्यांत होता. शहाडवरून जाणारा नव्हता.

शहाडचे रूप मात्र याच काळात पालटले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने मोठी छावणी उभारली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. सैन्याच्या तात्पुरत्या गरजेसाठी आखलेले रस्ते एका वाढत्या शहराच्या वाट्याला आले. शहाडला १९५० च्या दशकात सेंच्युरी रेयॉनचा कारखाना उभा राहिला, पलीकडे मोहन्याला नॅशनल रेयॉन (एनआरसी), अंबरनाथला दारूगोळ्याचा कारखाना आणि पुढे औद्योगिक वसाहत. भात-लाकडाच्या गाड्यांसाठी केलेल्या रस्त्यावर कच्चा माल, रसायने, फर्निचर यांचे ट्रक येऊ लागले. माळशेज उतरून येणारा जुन्नर-ओतूरचा भाजीपाला कल्याणच्या बाजारात याच रस्त्याने येतो.

प्रवाशांची बाजू एसटीने सांभाळली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर राज्याची पहिली एसटी बस धावली. कल्याण, मुरबाड आणि उल्हासनगरातील विठ्ठलवाडी ही आगारे पुढे या भागाचा आधार झाली. गावात एसटी येणे हे तिथला रस्ता बारमाही असल्याचे प्रमाणपत्रच असे. मोरी वाहून गेली की गाडी बंद होई आणि खात्याच्या उपविभागाकडे पहिली तक्रार बहुधा आगारातूनच जाई.

१९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाने राष्ट्रीय महामार्गांची मालकी आणि देखभालीची जबाबदारी केंद्राकडे दिली. त्याच कायद्याने ते काम राज्य सरकारमार्फत करून घेण्याची मुभाही ठेवली. संघसूचीत राष्ट्रीय महामार्ग आणि राज्यसूचीत बाकीचे रस्ते, ही घटनेतली विभागणी याच्या मुळाशी आहे. केंद्राचा पैसा आणि केंद्राची मंजुरी, पण अभियंता राज्याचा, अशी ही दुहेरी रचना. म्हणून सार्वजनिक बांधकाम विभागात राष्ट्रीय महामार्गांची वेगळी शाखा निर्माण झाली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पाटबंधाऱ्यांपासून वेगळे होऊन हे खाते इमारती व दळणवळण विभाग बनले. खात्यातले जुने लोक त्याला अजून बी अँड सी म्हणतात. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग त्यांच्याकडे गेले. रस्ते विकास योजना वीस-वीस वर्षांच्या आखल्या गेल्या: १९६१-८१, १९८१-२००१, २००१-२१ आणि आता २०२१-४१.

१९६७ चा कालेलकर करार हा मैलमजुरांच्या दृष्टीने खात्याच्या इतिहासातला मोठा टप्पा. वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबणाऱ्यांना पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर रूपांतरित अस्थायी आस्थापनेवर घेण्याची तरतूद त्याने केली. कुदळ धरणाऱ्या माणसाला रजा, पगार आणि निवृत्तिवेतनाचा हक्क मिळाला. ही न्यायाची गोष्ट होती आणि ती फार उशिरा झाली. पण पुढच्या दशकांत निवृत्त होणाऱ्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. कामे निविदा काढून कंत्राटदाराकडे जाऊ लागली. डांबराचा थर, नूतनीकरण, पूल ही कामे कंत्राटाने चांगली होऊ शकतात; त्यांना यंत्रे लागतात आणि ती खात्याकडे नव्हती. गटारातला गाळ वेळेवर काढणे मात्र कंत्राटात नीट बसत नाही. त्याचे मोजमाप पुस्तिकेत सहज होत नाही, त्याचे बिल मोठे नसते, आणि ते केले नाही तर नुकसान चार महिन्यांनी दिसते. रस्त्यावर रोज फिरणारा माणूस गेला तेव्हा हे काम कोणाचेच उरले नाही.

या शतकाच्या उंबरठ्यावर कल्याण-निर्मल मार्गाला २२२ हा राष्ट्रीय क्रमांक मिळाला. कडेचे हिरवे-पांढरे दगड पिवळे-पांढरे झाले, निधीची वाट मंत्रालयाऐवजी दिल्लीकडून सुरू झाली. रुंदीकरण टप्प्याटप्प्याने झाले, पण शहराच्या तोंडाशी रस्ता अडला. शहाडचा उड्डाणपूल अरुंद आहे. कल्याण, उल्हासनगर, टिटवाळा, मुरबाड या चारही बाजूंची वाहने त्याच्याकडे येतात. पुलाच्या सांध्यांची दुरुस्ती काढली की वाहतूक वळवावी लागते आणि वळवायला जवळ दुसरा तोलामोलाचा पूल नाही. दुरुस्ती केली तर कोंडी आणि टाळली तर पूल कमकुवत, अशा पेचात खाते तिथे काम करते.

शहाडच्या आसपास रस्त्यांचे मालक किती आहेत हे पाहिले की अडचण आणखी स्पष्ट होते. महामार्ग केंद्राचा, त्याची देखभाल राज्याच्या बांधकाम विभागाकडे. त्याला मिळणारे शहरी रस्ते एका बाजूने कल्याण-डोंबिवली महापालिकेचे आणि दुसऱ्या बाजूने उल्हासनगर महापालिकेचे. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदांचे रस्ते वेगळे, औद्योगिक वसाहतींतले एमआयडीसीचे वेगळे. कल्याण-बदलापूर रस्त्याच्या काँक्रीटीकरणात एमएमआरडीए, भिवंडी-कल्याण-शिळफाटा रस्त्यावर रस्ते विकास महामंडळ, आणि मुंबई-नाशिक महामार्गावर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. १९८८ च्या कायद्याने स्थापन झालेले हे प्राधिकरण १९९५ पासून प्रत्यक्ष काम करते. महामंडळ १९९६ चे. प्रत्येक संस्था कामाच्या सोयीसाठी निर्माण झाली आणि त्यांतली अनेक कामे उत्तम झाली. पण पाणी हद्द ओळखत नाही. पालिकेचे गटार तुंबले तर महामार्ग उखडतो, आणि महामार्गाची उंची वाढली तर कडेच्या वस्तीत पाणी शिरते.

या पट्ट्यात रस्त्याचा खरा शत्रू पाणीच आहे. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. डांबर आणि काळा पाषाण यांची पकड तशी चांगली असते, पण खडीवर धूळ असेल किंवा डांबर थंड होऊन अंथरले असेल तर थरात बारीक भेगा राहतात. पाणी त्यांत उतरते. वरून चाक गेले की आत अडकलेले पाणी जोराने दाबले जाते आणि चाक पुढे गेले की ओढले जाते. ही क्रिया दिवसात हजारो वेळा होते, डांबर खडीपासून सुटते, आणि पहिली खडी निघाली की खड्डा कडेने वाढतो. वाहने जिथे थांबतात आणि पुन्हा निघतात, म्हणजे चौक, गतिरोधक, पुलाची दोन्ही टोके, तिथे खड्डे आधी पडतात. चाकाचा आडवा रेटा तिथे सर्वाधिक असतो. शहाडला चौकही आहे, पूलही आणि उतारही.

वजनाचा हिशेबही लक्षात घ्यावा लागतो. १९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झालेल्या प्रसिद्ध चाचणीतून असे दिसले की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारे सोळा पट होते. याचा अर्थ मोटारी आणि दुचाक्या रस्ता जवळपास झिजवतच नाहीत. झिजवतात ते जड ट्रक, आणि सर्वाधिक ते ठरलेल्या मर्यादेहून जास्त भरलेले ट्रक. चार टायरांच्या एकेरी आसाची कायदेशीर मर्यादा २०१८ मध्ये १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वाहतूकदाराला त्यात फायदा झाला. जुन्या मर्यादेवर आखलेल्या रस्त्यांचे आयुष्य मात्र त्या प्रमाणात घटले आणि देखभालीची तरतूद त्या हिशेबाने वाढली नाही.

भर पावसात गरम डांबराचे काम होत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर खड्डे खडी-मुरमाने, थंड मिश्रणाने किंवा पेव्हर ब्लॉकने भरले जातात. हे तात्पुरते उपाय आहेत हे अभियंत्यालाही माहीत असते आणि दुचाकीवरून घरी जाणाऱ्यालाही. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणमध्ये खड्ड्यांमुळे माणसे दगावली. सुस्थितीतील रस्ता हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्येच म्हटले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. खात्यानेही खड्ड्याचे छायाचित्र पाठवून तक्रार करण्याची मोबाइल सोय सुरू केली आहे. कंत्राटांत दोष दायित्व कालावधी घातला जातो. त्या मुदतीत रस्ता उखडला तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. ही अट चांगली आहे. ती राबवायला मात्र रस्त्यावर जाऊन पाहणारा अभियंता लागतो.

पुलांची गोष्ट आणखी गंभीर. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बसगाड्यांसह वाहने वाहून गेली. मुंबई-गोवा महामार्गावरच्या या दुर्घटनेने सबंध राज्य हादरले. खात्याने १६५ दिवसांत नवा पूल बांधला आणि जून २०१७ मध्ये तो खुला झाला. त्याहून महत्त्वाचा बदल म्हणजे राज्यभर जुन्या पुलांच्या संरचनात्मक तपासणीला गती आली. पुराच्या पाण्याने पायाखालची माती खरवडली जाते, ती वरून दिसत नाही. ती शोधायला पाणबुडे आणि उपकरणे लागतात. कल्याणचा १९१४ चा पत्रीपूल धोकादायक ठरल्यावर नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला गेला आणि त्याच्या जागी जानेवारी २०२१ मध्ये नवा पूल आला. मधली दोन वर्षे कल्याणच्या वाहतुकीने जे सोसले ते येथील प्रत्येक कुटुंबाला आठवते. वेळेत केलेल्या छोट्या दुरुस्त्यांची किंमत अशा वेळी कळते.

रायत्याचा पूल दर मोठ्या पुरात परीक्षा देतो. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास खोऱ्याने काय पाहिले ते सर्वज्ञात आहे. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे हजारभर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, त्याच पुरात म्हारळ, वरप, कांबा पाण्याखाली गेले आणि कल्याण-मुरबाड रस्ता तुटला. २०२१ च्या जुलैतही रायत्याची वाहतूक बंद झाली. अशा वेळी पुलाचे खांब बहुधा टिकतात आणि जोडरस्त्याचा भराव वाहून जातो. पाणी ओसरले की खात्याचे लोक आधी पूल तपासतात, मग भराव टाकतात, मगच गाड्या सोडतात. मुरबाड तालुक्याचा कल्याणशी संबंध त्या तासांवर अवलंबून असतो: दूध, भाजी, रुग्ण, परीक्षेला निघालेली मुले.

माळशेज घाटातले काम वेगळ्या जातीचे आहे. तिथे डांबरापेक्षा कड्यावरचा दगड महत्त्वाचा. लाव्ह्याच्या थरांमधली मऊ माती पावसाने झिरपून फुगते आणि वरचा कातळ सुटतो. २०१३ आणि २०१८ च्या पावसाळ्यांत दरडी कोसळून घाट काही दिवस बंद राहिला. सुटे दगड उतरवणे, जाळ्या बसवणे, कड्याच्या पायथ्याशी गटार मोकळे ठेवणे ही कामे पावसाळ्याआधी करावी लागतात. धबधबे पाहायला येणाऱ्या पर्यटकांमुळे आता बंदोबस्ताचीही भर पडली आहे. घाट बंद झाला की अहिल्यानगरकडची जड वाहतूक कसारा किंवा भोरघाटाने वळते आणि तिथला भार वाढतो.

काँक्रीटकडे वळणे हा या भागातला अलीकडचा मोठा निर्णय. पाण्यापुढे काँक्रीट टिकते, खड्डे पडत नाहीत, सुरुवातीचा खर्च जास्त असला तरी दर चार-पाच वर्षांनी नवा थर घालावा लागत नाही. मात्र त्याला पुरेशी ताकद येईपर्यंत मार्गिका बंद ठेवावी लागते, सांधे नीट भरलेले ठेवावे लागतात, आणि एकदा पाण्याची किंवा विजेची वाहिनी टाकायला ते फोडले की पूर्ववत करणे अवघड होते. शहाडच्या परिसरात उल्हास नदीतून पाणी उचलणाऱ्या योजना आहेत, मोठ्या जलवाहिन्या आहेत. म्हणून खोदकामाचा समन्वय आधी झाला तरच इथे काँक्रीटचा उपयोग.

देशातील राष्ट्रीय महामार्गांची लांबी आता १ लाख ४६ हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे आणि त्यांतले सुमारे १८ हजार किलोमीटर महाराष्ट्रात आहेत. इतकी लांबी दुसऱ्या कोणत्याही राज्यात नाही. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरहून निघालेली ७०१ किलोमीटरची वाट भिवंडीजवळ येऊन टेकली. बडोद्याकडून येणारा द्रुतगती मार्ग बदलापूरजवळच्या डोंगरातून बोगद्याने काढला जात आहे. या नव्या मार्गांना मिळणारी स्थानिक वाहतूक जुन्याच रस्त्यांवरून जाणार असल्याने कल्याण-मुरबाड मार्गाचे काम कमी होण्याची शक्यता नाही.

या मार्गाची शाखा सांभाळणाऱ्या अभियंत्याचे वर्ष आजही पावसावर बेतलेले आहे. ऑक्टोबरात पावसाने केलेल्या नुकसानीची मोजदाद, दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रके आणि मंजुरीचा पाठपुरावा; डिसेंबर ते मे डांबर व काँक्रीटची कामे, पुलांचे सांधे आणि बेअरिंगची तपासणी; मे अखेरपर्यंत गटारे आणि मोऱ्या साफ, घाटातले सुटे दगड खाली; आणि जूनपासून रायत्याच्या पाण्याची पातळी, माळशेजचा कडा व शहाडच्या पुलाची दोन्ही टोके यांवर पहारा.